दोन जागांचा पक्ष

'बौद्ध राष्ट्रवाद' हे दोन शब्द एकत्र ऐकायची मराठी कानाला सवय नाही. आपल्याकडे बौद्ध म्हटलं की दीक्षाभूमी आठवते, वस्तीतलं विहार आठवतं, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारची बुद्धमूर्ती आठवते. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ८४ लाख बौद्ध मोजले गेले; त्यांतले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रातले. इथे हा धर्म ज्यांनी घेतला, त्यांनी तो उतरंडीतून बाहेर पडण्यासाठी घेतला. त्यामुळे बुद्धाचं नाव घेऊन कुणी शेजाऱ्याच्या भाषेच्या पाटीवर डांबर फासतं, असं सांगितलं की ऐकणारा आधी 'कुठे?' असंच विचारतो.

फार लांब नाही. रामेश्वरमपलीकडे, तेव्हाच्या सिलोनमध्ये. आपल्याकडे घरोघरी रेडिओ सिलोनवर हिंदी गाणी ऐकली जात होती, त्याच वर्षांत हे तिथे घडत होतं.

त्या काळात सिलोनमध्ये 'जातिक विमुक्ति पेरमुण' नावाचा एक पक्ष होता. राष्ट्रीय मुक्ती आघाडी, असा त्याचा अर्थ. आज श्रीलंकेत सत्तेवर असलेल्या आघाडीच्या केंद्रस्थानी जो 'जेव्हीपी' आहे तो हा नव्हे. तो 'जनता विमुक्ति पेरमुण', १९६५ साली रोहण विजेवीर यांनी काढलेला, मार्क्सवादी कुळातला. आद्याक्षरं सारखी असल्यामुळे जुना जेव्हीपी नव्याच्या सावलीत पुरता हरवून गेला. जुन्या पक्षाचे नेते के. एम. पी. राजरत्न. गड उवा प्रांतातल्या वेलिमडा भागात. मार्च १९६० च्या निवडणुकीत पक्षाला १५१ पैकी दोन जागा मिळाल्या. जुलैमध्ये पुन्हा निवडणूक झाली, पुन्हा दोनच. १९६५ मध्ये एक. पक्षाचे खासदार म्हणजे राजरत्न आणि त्यांच्या पत्नी कुसुमा. इतका हा पक्ष घरगुती होता.

अशा पक्षावर एवढं लिहायचं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं असं, की सिलोनचं पुढे जे झालं ते समजून घ्यायला मोठ्या पक्षांच्या जाहीरनाम्यांपेक्षा हा दोन जागांचा पक्ष जास्त उपयोगी पडतो. त्यानं देश बिघडवला म्हणून नव्हे. तेवढी ताकद त्याच्यात कधीच नव्हती. मोठे पक्ष त्याला किती घाबरले आणि तो त्यांच्या किती सोयीचा ठरला, हे पाहण्यासारखं आहे म्हणून.

आधी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सिंहली बौद्धांची तक्रार खोटी नव्हती. ४ फेब्रुवारी १९४८ ला सिलोन स्वतंत्र झालं ते बरंचसं वाटाघाटींतून. गोरा साहेब गेला आणि त्याच्या खुर्चीत, त्याच्याच शाळेत शिकलेला, त्याच्याच भाषेत बोलणारा काळा साहेब बसला. देशात बौद्ध जवळपास दोन तृतीयांश, ख्रिस्ती दहा टक्क्यांच्याही आत; पण चांगल्या शाळा मिशनऱ्यांच्या, बड्या नोकऱ्या त्या शाळांतल्या मुलांना, आणि कोर्टाचा निकाल इंग्रजीत. गावातल्या शेतकऱ्याला स्वतःच्या खटल्यात काय झालं हे वकिलानं सांगेपर्यंत कळत नसे. सिंहली शाळेत शिकवणारा गुरुजी, आयुर्वेदाचा वैद्य, गावच्या विहारातला भिक्खू ही माणसं आपापल्या गावात मानाची होती, पण कोलंबोतल्या कचेरीत त्यांना कुणी विचारत नव्हतं. १९५६ च्या निवडणुकीत विरोधी नेते बंडारनायकेंनी याच लोकांना 'पंच महाबलवेगय' म्हणून हाक दिली: भिक्खू, वैद्य, गुरुजी, शेतकरी आणि कामगार. ही हाक नुसती जातीयवादी होती असं म्हणणाऱ्याला त्या गुरुजींचं दुःख कळलेलं नाही.

पण ही तक्रार होती इंग्रजीविरुद्ध, आणि ती जाऊन पोचली तमिळ माणसाच्या दारात. सुरुवातीची मागणी 'स्वभाषा' अशी होती. शब्दसुद्धा आपलाच. १९४४ साली जे. आर. जयवर्धने यांनी राज्य परिषदेत सिंहली राजभाषा करण्याचा ठराव आणला, तेव्हा त्यात दुरुस्ती होऊन तमिळही जोडली गेली आणि ते मान्यही झालं. म्हणजे इंग्रजी जावी आणि सिंहली व तमिळ दोन्ही याव्यात, एवढा शहाणपणा देशाकडे होता. बारा वर्षांत तो संपला. तमिळ गुरुजीही मिशनच्या शाळेबाहेरच उभा होता, त्याच्याही गावच्या शेतकऱ्याला कोर्टाचा निकाल कळत नव्हता, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. उत्तरेतल्या तमिळ जाफन्यात मिशनच्या शाळा जास्त, म्हणून सरकारी नोकरीत तमिळ जास्त, एवढंच दिसत राहिलं. सर जॉन कोटेलावला पंतप्रधान असताना १९५४ मध्ये जाफन्याला गेले आणि दोन्ही भाषांना समान दर्जा देऊ असं बोलून आले. दक्षिणेत गदारोळ झाला. फेब्रुवारी १९५६ मध्ये केलानिया इथल्या अधिवेशनात त्यांच्याच युनायटेड नॅशनल पार्टीनं 'फक्त सिंहली'चा ठराव केला. तोवर बंडारनायकेंनी एक पाऊल पुढे टाकलं होतं: सत्तेवर आलो की चोवीस तासांत सिंहली.

सॉलोमन वेस्ट रिजवे डायस बंडारनायके. नाव वाचलं तरी पुरे. मधलं 'वेस्ट रिजवे' हे तेव्हाच्या ब्रिटिश गव्हर्नरचं नाव. अँग्लिकन घरात जन्म, शिक्षण ऑक्सफर्डला, आणि सभेत सिंहली बोलायला ते शिकले ते पुढे. ही माणसं ढोंगी होती असं म्हणून मोकळं होता येतं, पण मला ते पटत नाही. आपल्या मुळापासून तुटलेला माणूस परत येतो तेव्हा तो घरच्यांपेक्षा जास्त जोरात बोलतो, हे आपणही पाहिलेलं आहे. १९५६ हे बुद्ध जयंतीचं वर्ष होतं, महापरिनिर्वाणाला २५०० वर्षं पूर्ण होण्याचं. भिक्खू गावोगाव प्रचाराला निघाले. बंडारनायकेंच्या आघाडीला ९५ पैकी ५१ जागा मिळाल्या आणि सत्ताधारी युनायटेड नॅशनल पार्टी आठांवर आली. नव्या संसदेच्या उद्‌घाटनाला लोक थेट सभागृहात घुसले, सभापतींच्या खुर्चीवर बसून पाहिलं. 'अपे आंदुव', आपलं सरकार, असा तो आनंद होता.

पुढे वेगळा पक्ष काढणारे राजरत्न याच लाटेत बंडारनायकेंच्या आघाडीतून वेलिमडाहून निवडून आले. आणि जिंकल्यावर लगेच मोजमाप सुरू झालं: नेता पुरेसा कडवा आहे का? भाषा विधेयकात तमिळच्या वापराला थोडी वाट ठेवण्याचा बंडारनायकेंचा विचार होता. विद्यापीठातले एक अध्यापक एफ. आर. जयसूर्य संसदेच्या आवारात उपोषणाला बसले आणि ती कलमं गळाली. ५ जून १९५६ ला विधेयक मांडलं गेलं, तेव्हा कोलंबोतल्या गॉल फेसच्या मैदानावर शांतपणे बसलेल्या तमिळ सत्याग्रहींना जमावानं झोडपलं. सभागृहात डाव्या पक्षाचे कॉल्विन आर. डी सिल्वा यांनी बजावलं, की दोन भाषा ठेवाल तर एक राष्ट्र राहील, एकच ठेवाल तर दोन होतील. विधेयक २९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झालं. त्या मतदानात राजरत्नांचं मत एकच होतं. पण एका उपोषणापुढे पंतप्रधान मागे हटतो, हे सगळ्यांनी पाहून ठेवलं.

वर्षभरानं बंडारनायकेंना आपण काय केलंय ते उमगलं असावं. २६ जुलै १९५७ ला त्यांनी तमिळांच्या फेडरल पार्टीचे नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला. उत्तर आणि पूर्व भागात तमिळमधून कारभार, प्रादेशिक मंडळं, बाहेरच्यांच्या वसाहतींवर थोडं नियंत्रण. आज वाचलं तर त्यात भयंकर असं काहीच दिसत नाही. आपल्या राज्यांकडे तेव्हाही यापेक्षा कितीतरी जास्त अधिकार होते. पण राजरत्नांच्या पक्षाला हा करार म्हणजे देश विकणं वाटलं. तसं ते म्हणत राहिले. दोन-चार लोकांनी बोंब मारली तर काय होतं, असं कुणाला वाटेल.

होतं असं, की मोठा विरोधी पक्ष ती बोंब ऐकतो आणि हिशेब करतो. ४ ऑक्टोबर १९५७ ला युनायटेड नॅशनल पार्टीचे जयवर्धने कराराविरुद्ध कोलंबोहून कँडीला पदयात्रेनं निघाले, दंतधातूच्या मंदिरात साकडं घालायला. हेच ते जयवर्धने, ज्यांनी १९४४ मध्ये तमिळ जोडण्याची दुरुस्ती मान्य केली होती. इंबुलगोडला सरकार पक्षाच्या माणसांनी त्यांना अडवलं आणि यात्रा तिथेच मोडली, हा भाग विनोदी आहे. पण विरोधी पक्षानं छोट्या पक्षाची भाषा उचलली होती, आणि ती त्यानं स्वतःच्या नावावर केली. आता बंडारनायकेंना दोन्ही बाजूंनी दाबणारे सिंहलीच होते. तमिळ मतं ना त्यांच्या कामाची, ना त्यांच्या विरोधकांच्या. लिलावात बोली लावणारे सगळे एकाच घरचे असले, की किंमत वर जाते आणि ती मोजायची शेजाऱ्यानं.

इथे उवा प्रांताचं एक गणित सांगायला हवं, कारण ते फारसं कुणी सांगत नाही. उवा आणि मध्य प्रांत म्हणजे चहाचे मळे. मळ्यांत राबणारे मजूर भारतातून नेलेले तमिळ. १९४८ आणि १९४९ च्या कायद्यांनी त्यांतल्या बहुतेकांचं नागरिकत्व आणि मताधिकार काढून घेतला. १९६४ मध्ये भारताचे पंतप्रधान शास्त्री आणि सिलोनच्या पंतप्रधान, बंडारनायकेंच्या पत्नी सिरिमावो यांनी दोन देशांत त्यांची वाटणी केली तेव्हा आकडा पावणेदहा लाखांच्या घरात होता. आता मतदारसंघ आखताना लोकसंख्या मोजायची ती नागरिक-अनागरिक सगळ्यांची: दर ७५,००० माणसांमागे एक जागा. म्हणजे डोकी मजुरांची मोजायची आणि त्या डोक्यांच्या जोरावर मिळालेल्या जागांसाठी मत द्यायचं सिंहली शेतकऱ्यानं. डोंगराळ भागातल्या सिंहली मताला त्यामुळे त्याच्या संख्येपेक्षा जास्त वजन आलं. तमिळांना देशात काही जास्तीचं मिळतंय असं सांगणारा पक्ष, मत नसलेल्या तमिळ मजुरांच्या मोजदादीवर उभ्या असलेल्या प्रांतातून निवडून येत होता. आणि ही व्यवस्था राजरत्नांनी केलेली नव्हती. ती केली होती सुसंस्कृत, इंग्रजाळलेल्या, सर्वांना सोबत घेण्याच्या गोष्टी बोलणाऱ्या पहिल्या सरकारनं.

१९५८ च्या सुरुवातीला बससेवेचं राष्ट्रीयीकरण झालं. सिंहली 'श्री' हे अक्षर नंबरपाटीवर असलेल्या सरकारी बस उत्तरेत गेल्या. जाफन्यात त्या अक्षरावर डांबर फासलं गेलं. उत्तर म्हणून कोलंबोत तमिळ पाट्यांवर डांबर. एका अक्षरावरून देश पेटवता येतो यावर ज्यांचा विश्वास नसेल त्यांनी त्या वर्षीचा मार्च-एप्रिल पाहावा. ९ एप्रिलला भिक्खूंचा जमाव रोझमीड प्लेसवरच्या पंतप्रधानांच्या घरासमोर जाऊन बसला. करार रद्द केल्याचं लेखी द्या, म्हणाले. बंडारनायकेंनी लिहून दिलं. महिना-दीड महिन्यात दंगली उसळल्या, शेकडो माणसं मेली. २७ मेला आणीबाणी जाहीर झाली आणि दोन पक्षांवर बंदी आली: चेल्वनायकम यांची फेडरल पार्टी आणि राजरत्नांची जातिक विमुक्ति पेरमुण.

ही बंदी मला फार बोलकी वाटते. सरकारनं तराजू समान धरला, एक इकडचा आणि एक तिकडचा. पण फेडरल पार्टी तमिळ भागातला सर्वांत मोठा पक्ष होती आणि तिनं केलेला करार सरकारनंच मोडला होता. राजरत्नांचा पक्ष चिमूटभर. त्याच्यावर बंदी घालून सरकारनं जणू सांगितलं, की दोष टोकाच्या लोकांचा आहे, आमचा नाही. छोटा कडवा पक्ष मोठ्यांना सर्वांत जास्त उपयोगी पडतो तो इथे. आधी तो कुंपण किती पुढे सरकवता येईल ते दाखवतो, मग कुंपण सरकलं की दोषही तोच घेतो.

पुढच्या वर्षी २५ सप्टेंबरला रोझमीड प्लेसच्या त्याच घराच्या व्हरांड्यात तालदुवे सोमाराम नावाच्या भिक्खूनं बंडारनायकेंवर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी ते गेले. कटामागे होते केलानिया विहाराचे प्रमुख मापिटिगम बुद्धरक्खित, १९५६ च्या विजयाचे एक शिल्पकार. त्या खुनात तत्त्वापेक्षा धंद्याची आणि कंत्राटांची भानगड जास्त होती असं दिसतं. पण चीवर घातलेला माणूस पंतप्रधानांना वाकून नमस्कार करायला लावून मग पिस्तूल काढू शकतो, हे शक्य झालं ते भिक्खूला राजकारणात हिशेब विचारायचा नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकल्यामुळे.

आणि मग १९६५. युनायटेड नॅशनल पार्टीचे नेते डडली सेनानायके यांच्याकडे ६६ जागा होत्या, बहुमताला कमी. त्यांनी सात पक्षांची मोट बांधली. लोक तिला 'हत् हवुल' म्हणत. त्या मोटेत कोण होतं? फेडरल पार्टी होती, चेल्वनायकम यांच्याशी नवा लेखी करार करून आलेली. आणि राजरत्नांची जातिक विमुक्ति पेरमुणही होती. आठ वर्षांपूर्वी ज्या माणसाशी केलेला करार हा देशद्रोह होता, त्याच माणसाशी केलेल्या दुसऱ्या करारावर उभ्या सरकारला या पक्षाचा टेकू. आपल्या महाराष्ट्राच्या वाचकाला अशा मोटेचं नवल वाटू नये, पण मला त्यातून एक साधी गोष्ट दिसते. ज्या कडवेपणासाठी माणसं मेली, तो कडवेपणा पक्षाला स्वतःला एवढा प्रिय नव्हता. मंत्रिमंडळाच्या हिशेबात तो खपला. रस्त्यावर मात्र खपला नाही, कारण आता ती भाषा दुसऱ्यांकडे गेली होती: ८ जानेवारी १९६६ ला तमिळच्या वापराचे साधे नियम संसदेत आले तेव्हा विरोधात मोर्चा काढला सिरिमावोंच्या पक्षानं आणि त्यांच्यासोबतच्या डाव्यांनी. एकेकाळी दोन भाषांची बाजू घेणारे तेच डावे. पोलिसांच्या गोळीबारात एक भिक्खू मारला गेला. डडलींनी करारातलं जिल्हा मंडळांचं विधेयक पुढे गुंडाळून ठेवलं. त्याच सरकारनं रविवारची सुट्टी काढून पोया म्हणजे चांद्र तिथीच्या दिवसांची साप्ताहिक सुट्टी आणली. आठवडा कधी सहा दिवसांचा, कधी आठ. बाकी जगाशी व्यापार करताना व्हायचा तो गोंधळ झाला आणि १९७१ मध्ये रविवार परत आला.

कुणी म्हणेल, सगळं खापर अशा पक्षांच्या डोक्यावर फोडू नका. लोकांनाच ते हवं होतं. मला हे अर्धंच पटतं. लोकांना काय हवं होतं ते मतपेटीत दिसलं: राजरत्नांच्या पक्षाला त्यांनी कधी दोनच्या वर जाऊ दिलं नाही. नोकरी, शाळा, आपल्या भाषेत कारभार हे लोकांना हवं होतं. ते मिळण्यासाठी तमिळ माणसाचं काढून घ्यावं लागेल, हे त्यांच्या मनात मोठ्या पक्षांनी पक्कं केलं, आणि त्यासाठी निमित्त म्हणून कडव्यांकडे बोट दाखवलं. १९७२ च्या संविधानात बौद्ध धर्माला 'अग्रस्थान' देणारं कलम आलं. ते संविधान ज्यांच्या खात्यानं घडवलं ते मंत्री होते कॉल्विन आर. डी सिल्वा. होय, तेच. १९७८ च्या संविधानात ते नववं कलम म्हणून कायम झालं. तोवर राजरत्नांचा पक्ष जवळपास कुणाच्या लक्षातही नव्हता.

बाबासाहेब या सगळ्याच्या आधी तिथे जाऊन आले होते. मे १९५० मध्ये कँडीला जागतिक बौद्ध परिषद भरली, तिला ते हजर होते. बौद्ध देशात हा धर्म कितपत शुद्ध रूपात पाळला जातो, तो किती जिवंत आहे, हे पाहायला आलो, असं त्यांनी सांगितलं. कोलंबोत त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध व्हायचं आवाहन केलं. तमिळ मळेमजुरांचं मत नुकतंच गेलेलं होतं, ते वर्ष. पुढे १९५६ च्या जूनमध्ये गॉल फेसवर सत्याग्रहींना मारहाण झाली आणि १४ ऑक्टोबरला नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली. एकाच बुद्ध जयंतीची ही दोन टोकं. नागपुरात ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते बौद्ध झाले. कोलंबोत बौद्ध असणं हा देशाचा मालक असल्याचा दाखला बनत होता. धम्म तोच, ग्रंथही बरेचसे तेच. महावंश या लंकेच्या जुन्या पाली बखरीत दुट्ठगामणी राजाला लढाईतल्या कत्तलीचा पश्चात्ताप होतो तेव्हा अर्हत येऊन सांगतात, की मेले ते दीडच माणूस. एकानं त्रिशरण घेतलेलं, एकानं पंचशील, बाकीचे पशूंसारखे. धम्मात हे कुठे बसतं, हा प्रश्न नागपूरच्या माणसाला लगेच पडतो. सत्ता हातात असलेल्याला तो पडायला फार वेळ लागतो.

२००४ मध्ये जातिक हेळ उरुमय हा पक्ष निवडणुकीत उतरला. उमेदवार सगळे भिक्खू, आणि नऊ भिक्खू संसदेत गेले. तेही पुढे मोठ्या पक्षाच्या सरकारात सामील झाले. २०२० मध्ये बोडु बल सेना या कडव्या बौद्ध संघटनेचे ज्ञानसार आणि हेळ उरुमयाचे जुने खासदार अतुरलिये रतन एका छोट्या पक्षाच्या छत्राखाली एकत्र आले. देशभर मतं मिळून राष्ट्रीय यादीतली एकच जागा पदरात पडली, आणि त्या एका जागेवर कुणी बसायचं यावरून तिघा भिक्खूंमध्ये अनेक महिने भांडण चाललं; पक्षाचे सरचिटणीस तर स्वतःचं नाव पुढे करून काही काळ गायबच झाले होते. शेवटी २०२१ च्या जानेवारीत रतन यांनी शपथ घेतली. नवव्या कलमाला मात्र त्यानंतरच्या एकाही सरकारनं हात लावलेला नाही; सरकार दुसऱ्या जेव्हीपीचं आलं तरीही.